विकास योजनेतील आरक्षण : जमीनमालकाने आपला हक्क कसा मागावा?

'आरक्षण' हा शब्द आपल्या समाजात उच्चारला की नोकरी, शिक्षण व निवडणुकीतील राखीव जागा डोळ्यांपुढे येतात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र निराळा आहे. शहराच्या विकास योजनेत, म्हणजे लोक ज्याला 'डीपी' म्हणतात त्या नकाशात, एखाद्या कुटुंबाच्या जमिनीवर शाळा, बगीचा, क्रीडांगण, दवाखाना किंवा रुंद रस्ता दाखविला जातो. त्यालाही आरक्षणच म्हणतात. हे आरक्षण पडले की सातबारावर नाव आपले राहते, पण तेथे घर बांधता येत नाही व गिऱ्हाईकही फिरकत नाही. मी स्वतः बँकेत कारकून असल्याने सांगू शकतो, की अशी जमीन तारण म्हणून पुढे आली तर कर्जाचे प्रकरण बहुधा पहिल्याच टेबलावर थांबते.

आपल्या समाजबांधवांशी या विषयाचा संबंध अधिक जवळचा आहे. गावोगावच्या महार वतनाच्या जमिनी बहुतेक गावाच्या कडेला असत. वतनाची ही गुलामगिरी मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले होते. पुढे 1958 सालच्या कायद्याने कनिष्ठ गाव-वतने रद्द झाली व ठरलेली रक्कम भरणाऱ्यांना त्या जमिनी पुन्हा देण्यात आल्या, पण नवीन शर्तीने. आज त्यांच्या सातबारावर 'भोगवटादार वर्ग 2' असे दिसते ते यामुळे. शहरे वाढली, गावाची कड शहराच्या हद्दीत आली आणि नगररचनाकाराला मोकळी दिसणारी जमीन नेमकी ही. तेव्हा ज्यांच्याकडे वाडवडिलांच्या आठ-दहा गुंठ्यांचा तुकडा उरला आहे, त्यांनी हा कायदा समजून घेतलाच पाहिजे.

आधी एक भेद लक्षात घ्यावा. 'झोन' वेगळा आणि 'आरक्षण' वेगळे. जमीन शेती किंवा हरित विभागात आहे, इतके मजले चालणार नाहीत, रस्त्यापासून एवढे अंतर सोडावे, ही सर्व वापरावरील बंधने होत. त्यांनी किंमत कमी होते हे खरे, पण केवळ तेवढ्यावरून सरकारकडे भरपाई मागण्याची सोय आपल्याकडे नाही. काहींना हे अन्यायाचे वाटते. मला वाटते, प्रत्येक बंधनाला पैसे मोजावे लागले तर कोणतीच नगरपालिका नियोजन करू शकणार नाही. परंतु सार्वजनिक कामासाठी जमीनच घ्यायची आहे असे नकाशावर लिहून ठेवायचे आणि वर्षानुवर्षे ना घ्यायची ना सोडायची, हे चालणार नाही. संपत्तीचा हक्क 44 व्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून गेला, तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही हे कलम 300-अ मध्ये आजही कायम आहे. आपल्या जमिनीवर झोन आहे की आरक्षण, हे नगर रचना विभागातून झोन दाखला व भाग नकाशा घेऊन पाहावे. दलालाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नये.

या बाबतीतील मुख्य कायदा म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966. प्रारूप योजना प्रसिद्ध होते तेव्हा हरकती मागविल्या जातात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. ही पायरी सर्वांत स्वस्त. साध्या कागदावरील अर्ज पुरतो, मात्र जाहीर सूचनेतील मुदतीत तो गेला पाहिजे. आपली माणसे नेमकी येथेच गैरहजर असतात, कारण सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून येते.

योजना मंजूर झाल्यावर दोन मार्ग उरतात. पहिला कलम 49 चा. आरक्षणामुळे जमिनीचा वाजवी उपयोग होत नाही किंवा ती योग्य किमतीस विकता येत नाही असे दाखवून 'ही जमीन खरेदी करा' अशी सूचना राज्य शासनावर बजावता येते. सहा महिन्यांत शासनाने अंतिम आदेश दिला नाही तर ती सूचना कायम झाली असे धरले जाते, आणि त्यानंतर एका वर्षात संबंधित प्राधिकरणाने संपादनासाठी अर्ज केला नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. दुसरा मार्ग कलम 127 चा. तो अधिक परिचित आहे, आणि घोटाळेही त्यातच अधिक होतात.

अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालकाने प्राधिकरणाला नोटीस द्यावी. नोटीस पोचल्यापासून चोवीस महिन्यांत जमीन घेतली नाही किंवा घेण्याची कार्यवाही सुरू केली नाही, तर आरक्षण संपते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, नंतर बारा झाली व 2015 च्या दुरुस्तीने चोवीस. जुन्या पुस्तिकेत सहा महिने वाचून कोणी हिशोब करू नये. समजा, योजना 1 जुलै 2013 रोजी अमलात आली. दहा वर्षे 30 जून 2023 ला पुरी झाली. नोटीस 10 ऑगस्ट 2023 रोजी पोचली, तर चोवीस महिने 10 ऑगस्ट 2025 ला भरतात. दहा वर्षे भरण्याआधी दिलेली नोटीस फुकट जाते. अमलात येण्याची तारीख शासनाच्या मंजुरीच्या अधिसूचनेत असते. योजनेतून काही भाग वगळून तो मागाहून मंजूर केलेला असेल, तर त्या भागाची तारीख वेगळी असते, हेही तपासावे.

उलट, फार थांबणेही बरे नव्हे. वीस वर्षांतून एकदा तरी योजना सुधारावी लागते. नोटीस देण्यापूर्वीच सुधारित योजना मंजूर होऊन त्यात आरक्षण कायम राहिले, तर दहा वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात, असा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आहे. अकराव्या वर्षी जो हक्क हातात होता तो एकविसाव्या वर्षी असा निसटतो.

2009 च्या दुरुस्तीपासून नोटिशीसोबत मालकीचे कागद जोडणे आवश्यक झाले आहे. चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, आठ-अ, मोजणी नकाशा, झोन दाखला असा संच असावा. खरी अडचण पुढेच आहे. आपल्याकडे अनेक सातबारे अजून आजोबांच्या नावावर आहेत. वारस नोंद नाही, वाटणी तोंडी झालेली, एक भाऊ मुंबईला तर एक नागपूरला. हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे, त्यामुळे बहिणींचा हिस्साही त्यात येतो. त्यांना वगळून केलेली नोंद पुढे मोबदल्याच्या वेळी अडते. म्हणून आधी तलाठ्याकडे वारस नोंद करून घ्यावी व सर्व वारसांच्या सह्यांनी नोटीस द्यावी. वर्ग 2 ची जमीन असेल तर पुनर्प्रदानाचा आदेश शोधून ठेवावा, कारण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व शासनाचा नजराणा हे प्रश्न मोबदला ठरण्यापूर्वीच निघतात.

नोटिशीची भाषा साधी असावी. उदाहरणार्थ : 'मौजे ____ येथील गट क्रमांक ____, क्षेत्र ____ या आमच्या मालकीच्या जमिनीवर दिनांक ____ पासून अमलात आलेल्या विकास योजनेत ____ या प्रयोजनासाठी आरक्षण आहे. दहा वर्षे पूर्ण होऊनही संपादन झालेले नाही. सबब अधिनियमाच्या कलम 127 अन्वये ही नोटीस देत आहोत. मालकीची कागदपत्रे सोबत जोडली आहेत.' ही नोटीस आयुक्त किंवा मुख्याधिकारी यांच्या आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक व तारीख घ्यावी. शिवाय पोचपावती मिळेल अशा टपालानेही एक प्रत पाठवावी. 'आमदारांनी फोन केला आहे' यावर विसंबू नये. चोवीस महिने शिक्क्याच्या तारखेपासून मोजतात, फोनपासून नव्हे.

पुष्कळदा नगरपालिका उत्तर देते की 'प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविला आहे.' एवढ्याने कार्यवाही सुरू झाली असे होत नाही. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले, आणि 2013 साली श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात तेच मत पुन्हा मांडले. संपादनाची घोषणा राजपत्रात प्रसिद्ध होणे हे खरे पाऊल. ती मुदतीत झाली नाही तर आरक्षण संपल्याची शासनाची अधिसूचना मागावी, आणि शेजारच्या जमिनीला जो वापर चालतो तो आपल्यालाही मिळतो.

प्राधिकरणाने जमीन घ्यायचीच ठरविली, तर मोबदला तीन प्रकारे मिळू शकतो : करार करून रोख, विकास हक्काच्या रूपाने म्हणजे टीडीआर, किंवा 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे निवाडा होऊन. टीडीआर मुंबईबाहेरच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीत दाट वस्तीत क्षेत्राच्या तिप्पट व इतरत्र दुप्पट ठरविला आहे. आकडा मोठा वाटतो, पण तो प्रमाणपत्राच्या रूपाने हाती येतो व बांधकाम व्यावसायिकाला विकावा लागतो. भाव पडलेला असेल तर गरजू माणूस त्यात नागवला जातो. घरात लग्न किंवा आजारपण काढलेले असताना माझ्या मते टीडीआरच्या मागे लागू नये.

निवाड्यात बाजारभाव आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते. बाजारभाव ठरविताना रेडी रेकनर व आसपासची तीन वर्षांतील खरेदीखते पाहतात, म्हणून शेजारच्या चांगल्या दराच्या खतांच्या नकला आधीच जमवाव्यात. रक्कम कमी वाटली तरी धनादेश नाकारण्याचे कारण नाही. तो घेताना 'हरकत नोंदवून रक्कम स्वीकारली' असे लेखी द्यावे व त्याची पोच घ्यावी. हरकत न नोंदविता पैसे घेणाऱ्याला वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी आपण हजर असू तर हा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे सहा आठवड्यांच्या आत द्यावा लागतो, आणि त्यात आपला आक्षेप क्षेत्राबद्दल आहे, दराबद्दल आहे की वाटपाबद्दल, हे कारणासह लिहावे लागते.