शुद्धिपत्र की उत्तरभाग? : व्हिडिओ गेम विकल्यानंतरची जबाबदारी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे घरात कोणताही कागद आला, कोणतीही अडचण आली की आप्पा म्हणतात, "तू शिकतेस ना, मग सांग." गेल्या दिवाळीनंतर असाच एक प्रश्न माझ्यापुढे आला. माझ्या धाकट्या भावाने सुटीत कांदे भरण्याच्या कामावर जाऊन मिळविलेल्या पैशांतून मोबाइलवरचा एक गेम विकत घेतला होता. काही महिन्यांनी तो उघडेनासा झाला. सेवा बंद करण्यात आली आहे, एवढी एकच ओळ पडद्यावर दिसे. आप्पांनी विचारले, "पैसे घेतले ना त्यांनी? मग वस्तू गेली कुठे?"

आप्पा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतात. भरलेली मोटार त्याच हंगामात पुन्हा जळाली तर पैसे न घेता भरून द्यायची, असा त्यांचा नेम आहे. त्यांच्या दृष्टीने प्रश्न अगदी साधा होता. मला मात्र उत्तर देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा शोध होय.

१. कॅसेटचा काळ

प्रारंभी व्हिडिओ गेम ही पुस्तकासारखी वस्तू होती. कॅसेट एकदा दुकानात गेली की तिच्यातील चूक कायमची. १९८२ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने एका गाजलेल्या चित्रपटावरून 'ई. टी.' हा गेम काढला. नाताळचा बाजार गाठण्यासाठी हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांना तो सुमारे पाच आठवड्यांत तयार करावा लागला. खेळणारा वारंवार खड्ड्यांत पडे आणि वैतागे. पण दुरुस्ती करण्याचा मार्गच नव्हता. न खपलेल्या कॅसेटी इतर मालाबरोबर १९८३ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील आलामोगोर्डो गावी जमिनीत पुरण्यात आल्या. २०१४ साली उत्खनन झाले तेव्हा त्या खरोखरच सापडल्या.

मात्र या काळाची एक जमेची बाजूही होती. ज्याने कॅसेट घेतली, त्याच्या कपाटातून ती कोणी काढून नेऊ शकत नव्हते. उत्तरभाग निघाला तरी पहिला भाग घरातच राही.

२. शुद्धिपत्राचा काळ

जुन्या मराठी पुस्तकांत अखेरीस शुद्धिपत्र जोडलेले असे, हे आपण ग्रंथालयात पाहतो. इंटरनेट आल्यावर गेमलाही असे शुद्धिपत्र मिळाले. त्यालाच पॅच अथवा अपडेट म्हणतात. फरक एवढाच की, हे शुद्धिपत्र छापील चुकीवर आपोआप जाऊन बसते आणि कधी कधी नवीन प्रकरणेही जोडते.

याचे एक ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील गिल्डफर्ड येथील हॅलो गेम्स या छोट्या संस्थेचा 'नो मॅन्स स्काय'. तो ऑगस्ट २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. अब्जावधी ग्रहांचे विश्व आणि त्यात एकमेकांना भेटणारे प्रवासी, अशी अपेक्षा लोकांच्या मनात निर्माण झाली होती. पहिल्याच दिवशी दोन खेळाडू एकाच ग्रहावर, एकाच जागी जाऊन उभे राहिले, पण एकमेकांना दिसले नाहीत. संतापाची लाट उसळली. संस्थेचे प्रमुख शॉन मरे बरेच दिवस मौन पाळून राहिले. पण काम थांबले नव्हते. नोव्हेंबर २०१६ मध्ये पहिली मोठी भर आली, जुलै २०१८ मध्ये खेळाडू एकमेकांना खऱ्या अर्थाने भेटू लागले, आणि पुढेही वर्षानुवर्षे भर पडत राहिली. यासाठी जुन्या ग्राहकांकडून एकही पैसा घेतला गेला नाही. २०२४ च्या अखेरीस खेळाडूंचे एकूण मत अनुकूल झालेले दिसले.

दुसरे उदाहरण जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीचे. सप्टेंबर २०१० मध्ये निघालेला 'फायनल फँटसी १४' इतका सदोष होता की कंपनीने जाहीर क्षमा मागितली आणि मासिक वर्गणी घेणे बराच काळ लांबणीवर टाकले. डिसेंबर २०१० मध्ये नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे आली. त्यांनी जुना गेम चालू ठेवून दुरुस्त करीत असतानाच नवा गेम उभा करण्यास घेतला. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुन्या विश्वावर चंद्र कोसळतो असे दाखवून ते बंद केले, आणि ऑगस्ट २०१३ मध्ये त्याच नावाने नवे विश्व सुरू झाले. घर पडके निघाले म्हणून गवंडी पळून गेला नाही. त्याने नव्या पायावर घर पुन्हा बांधले, असे म्हणावे लागेल.

परंतु दुरुस्तीची सोय आळसालाही जन्म देते. 'पुढे पॅच देऊ' या भरवशावर अपुरा माल बाजारात येतो. पोलंडचा 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला आणि आठवडाभरातच सोनीला तो आपल्या दुकानातून काढून घ्यावा लागला. सप्टेंबर २०२३ पर्यंत तो उत्तम सुधारला हे खरे. पण पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्याने तीन वर्षे थांबावे, हे न्याय्य आहे काय?

३. उत्तरभागाने पहिला भाग पुसावा काय?

'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग १९९९ साली निघाला. पुढे तिसरा व चौथा भाग आला, तरी दुसरा जिवंत राहिला. त्याच्या चाहत्यांनी स्वतः रचलेली भर २०१३ मध्ये अधिकृत मानली गेली. २०२२ मध्ये तर भारतातील राजवंशांवर नवी पुरवणी निघाली आणि बंगाली, द्रविड व गुर्जर या संस्कृती त्यात आल्या. तेवीस वर्षांच्या ग्रंथाला नवे प्रकरण!

याउलट 'ओव्हरवॉच'चे पाहा. २०१६ साली लोकांनी तो पैसे देऊन घेतला. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा उत्तरभाग विनामूल्य आला. जुन्यांची कमाई त्यात जमाही झाली. पण मूळ गेम बंद झाला. सहा-सहा जणांचा सामना पाच-पाच जणांचा झाला. शिवाय ज्या नव्या कथाप्रधान भागासाठी उत्तरभागाची घोषणा झाली होती, त्याचा मोठा अंश मे २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. उत्तरभाग आला, पण त्याने मूळ पोथी कपाटातून काढून नेली.

४. दिवा कोणी मालवावा?

आता आप्पांच्या प्रश्नाकडे वळू. युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये निघाला. एकट्याने खेळतानाही त्याला कंपनीच्या सर्व्हरची गरज लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि विकत घेतलेला गेम निरुपयोगी ठरला. यातून रॉस स्कॉट यांनी 'स्टॉप किलिंग गेम्स' ही चळवळ सुरू केली. युरोपीय संघाकडील तिच्या मागणीपत्रावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियात २०२५ पासून असा कायदा आहे की, ग्राहकाला केवळ वापरण्याचा परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्याने 'खरेदी करा' हा शब्द वापरू नये.

कंपन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. सर्व्हरला वीज लागते, माणसांना पगार लागतो. कोणतेही दुकान अनंत काळ उघडे ठेवा, असे कोणी म्हणणार नाही. पण दुकान बंद करणे वेगळे आणि विकलेली वस्तू परत नेणे वेगळे. 'द क्रू २' इंटरनेटशिवाय खेळता येईल अशी व्यवस्था करण्याचे त्याच कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. म्हणजे मनात आणले तर मार्ग निघतो.

माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन नेम पुरेसे आहेत. चूक आपली असेल तर शुद्धिपत्र विनामूल्य द्यावे. उत्तरभागाने मूळ भाग पुसू नये. आणि दिवा मालवायचाच असेल तर आधी सांगून, ग्राहकाला स्वतःची पणती लावण्याची सोय करून मग मालवावा.

हे सारे मी आप्पांना समजावून सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मोटार आपली आणि बटण त्यांच्या घरात!" महिनाभर वाचून मला जे मांडता आले नाही, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. भावाचे पैसे परत आले नाहीत. पण आता काहीही विकत घेण्यापूर्वी बटण कोणाच्या घरात आहे, हे तो मला विचारतो. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग होय.

— द्वितीय वर्ष, कला