वास्तू तथास्तु म्हणते म्हणून

"डॉक्टर, बाबांना काही सांगू नका हं." रिपोर्टचं पाकीट हातात असतं, बाबा बाहेर बाकावर बसलेले असतात, आणि मुलगा किंवा सून आत येऊन दार ओढून घेत हळू आवाजात हे सांगते. परळ-लालबागमध्ये दवाखाना चालवणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हे वाक्य पाठ असतं. इथे पुष्कळ घरांत कॅन्सरचं नावही काढत नाहीत. "टाटाला दाखवलंय" एवढंच म्हणतात आणि ऐकणारा पुढचं विचारत नाही. १९४१पासून हे टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालय परळमध्ये आहे, तिथून असंख्य माणसं बरी होऊन घरी गेली, तरी नावाला चिकटलेली भीती काही गेली नाही.

तिन्हीसांजेला अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, हे ऐकतच आपण मोठे झालो. श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये एक गोष्ट मला पक्की कळली आहे. घरात मरणाबद्दल काय बोललं जातं आणि काय गिळलं जातं, यावर शेवटच्या आधीची पाच-दहा वर्षं कशी जाणार हे ठरतं. म्हणून हा विषय मी आरोग्याचाच मानतो, जितका मधुमेह किंवा रक्तदाब.

बाबांना न सांगितल्याने काय होतं ते बघा. बाबांना बहुतेक वेळा कळलेलं असतंच. वजन उतरलंय, जेवण जात नाही, भेटायला येणारे डोळ्यांत बघत नाहीत, हे न कळायला ते लहान मूल नाहीत. पण मुलांना वाईट वाटेल म्हणून तेही बोलत नाहीत. मग एकाच खोलीत सगळे एकमेकांपासून लपवत बसतात. गावच्या घराचा हिस्सा कुणाला, बँकेत वारस कुणाचा लावलाय, वीस वर्षं न बोललेल्या भावाला एकदा बोलवायचंय, हे सगळं राहून जातं. कोकणातल्या माणसाला एकदा गणपतीला गावी जायचं असतं. आजार किती पुढे गेलाय हे मोकळेपणाने बोललं गेलं असतं, तर केमोची तारीख चार दिवस पुढे-मागे करता येते का, हे डॉक्टरांना विचारता आलं असतं. बरेचदा ते जमतं. विचारायला कुणी येत नाही.

मी मुलांना सांगतो, बाबांना सगळं एकदम सांगू नका, आधी विचारा. "बाबा, आजाराबद्दल तुम्हाला किती माहिती हवी आहे? तुम्हाला स्वतःला काय वाटतंय?" काही जण म्हणतात, "मला काही सांगू नका, थोरल्याशी बोला." तोही त्यांचा निर्णय आहे आणि तो मानायचा. मात्र निर्णय त्यांचा हवा, दाराआडून आपण घेतलेला नको.

मागची पिढी या बाबतीत आपल्यापेक्षा धीट होती. गिरगावच्या चाळींतून कितीतरी आज्या ट्रंकेच्या तळाशी एक नवं लुगडं वेगळं काढून ठेवत, शेजारी गंगाजलाची सीलबंद लोटी, आणि पुढच्या खर्चाला थोडे पैसे रुमालात बांधलेले. सुनेला ते दाखवून ठेवायच्या, आणि तेवढं झालं की मटार सोलायला बसायच्या. मरण त्यांच्या घरातलंच होतं. चाळीत कुणी गेलं की मजल्यावरची मुलंही दारात उभी राहून बघत, तिरडी कशी बांधतात हे ठाऊक असलेला एखादा माणूस प्रत्येक वाडीत असे, आणि चंदनवाडीच्या स्मशानापर्यंत चालत जाणं हे शेजारधर्माचं काम होतं. आता गिरण्यांच्या जागेवर टॉवर आले. माणूस आयसीयूतून थेट स्मशानात जातो. तिशी-पस्तिशीची किती तरी मुलं मला भेटतात, ज्यांनी जवळच्या माणसाचा शेवट कधी पाहिलेलाच नाही. त्यांची भीती मी समजू शकतो. जे कधी पाहिलं नाही त्याची भीती जास्तच वाटणार.

याच्या अगदी उलट वाटणारी दुसरी वृत्ती लालबाग-परळमध्ये भरपूर आहे. "डॉक्टर, मरण कुणाला चुकलंय? एक दिवस जायचंच आहे." हे म्हणताना गालात तंबाखू असते. बीपीच्या गोळ्या मध्येच बंद केलेल्या असतात. ही माणसं स्वतःला निर्भय समजतात. माझं त्यांना कळकळीचं सांगणं आहे: तुम्ही मरणाला भीत नाही, मान्य. पण गोळी सोडल्यावर मरणच येईल असं कुणी सांगितलं? अनियंत्रित रक्तदाबाने बहुतेक वेळा माणूस पटकन जात नाही. अर्धांगाचा झटका येतो, एक हात-पाय जातो, वाचा जाते, आणि पुढे आठ-दहा वर्षं दहा बाय बाराच्या खोलीत बायको त्यांना कुशीवर वळवत राहते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये जबडा काढावा लागतो, आणि माणूस जगतो. "जायचंच आहे" म्हणणाऱ्याने हा मधला काळ हिशेबात धरलेलाच नसतो. मरणाचं नाव न काढणारा आणि त्याला उडवून लावणारा, दोघांच्याही नजरेतून हाच काळ सुटतो. बीपीची गोळी मरण टाळण्यासाठी आहे असं मी आता सांगतच नाही. ती शेवटपर्यंत आपल्या पायांनी संडासला जाता यावं म्हणून आहे, असं सांगतो, आणि गोळी सुरू होते.

या काळाची सगळ्यात उघड चर्चा गिरगावातूनच झाली. २०१७च्या अखेरीस ठाकुरद्वार भागातल्या, मूलबाळ नसलेल्या एका वृद्ध जोडप्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून इच्छामरणाची परवानगी मागितली. दोघांना मोठा आजार नव्हता. धडधाकट आहोत तोवरच जावं, पुढे अंथरुणाला खिळून कुणावर भार होऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्तमानपत्रांत खूप छापून आलं. त्यांची मागणी मला डॉक्टर म्हणून मान्य होण्यासारखी नाही आणि भारतीय कायदाही तशी परवानगी देत नाही. त्यांची काळजी मात्र शंभर टक्के खरी आहे, आणि मूल परदेशी असलेल्या दादर-शिवाजी पार्कमधल्या कितीतरी घरांत तीच काळजी न बोलता नांदते आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. "देवाने आता न्यावं" हे ऐंशीच्या माणसाच्या तोंडी पुष्कळदा साधं बोलणं असतं. पण त्याबरोबर झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, आवडीच्या गोष्टीत मन लागत नसेल, "मी नसलेलंच बरं" असं वारंवार येत असेल, तर ते म्हातारपण नव्हे, नैराश्य आहे. म्हातारपणातल्या नैराश्यावर औषध आहे आणि ते चांगलं लागू पडतं. थेट विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस हलका होतो. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही बोलतात.

परळनेच या देशाला आयुष्याच्या शेवटाबद्दल विचार करायला लावलं, हे आपल्या भागातल्या सगळ्यांना आठवत असेल. परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या ४१ वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात अचेतनासारख्या पडून राहिल्या. पत्रकार पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात केलेला अर्ज ७ मार्च २०११ रोजी फेटाळला गेला, पण त्याच निकालाने, ठरावीक अटींवर, उपचार थांबवण्याचा मार्ग देशात प्रथमच खुला केला. केईएमच्या परिचारिकांचा त्या अर्जाला विरोध होता. पिढ्यान् पिढ्या त्यांनी अरुणाताईंना भरवलं, पुसलं, कूस बदलली. एवढी वर्षं अंथरुणात असलेल्या माणसाची अशी निगा राखणं म्हणजे काय, हे ज्याने घरी एक महिना रुग्ण सांभाळलाय त्यालाच कळेल. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्या गेल्या. विराणींचा प्रश्न आणि परिचारिकांची माया, या दोन्हींपुढे मी नतमस्तक आहे. एक मात्र सलतं. अरुणाताईंना स्वतःला काय हवं होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. पंचविशीतल्या मुलीला कोण विचारणार, आणि का?

आज विचारता येतं आणि लिहूनही ठेवता येतं. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि उपचारांविषयीचं इच्छापत्र कायदेशीर ठरवलं. ज्याला सगळे 'लिव्हिंग विल' म्हणतात तेच हे. सुरुवातीला त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे कुणी त्या वाटेला जात नसे. २४ जानेवारी २०२३च्या आदेशाने ते सोपं झालं. अठरा वर्षांवरील, शुद्धीत असलेल्या कोणालाही ते करता येतं. दोन साक्षीदार लागतात, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करायची. आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा आपल्या वतीने कुणी बोलायचं, त्या माणसाचं नाव त्यात लिहायचं. एकापेक्षा जास्त नावंही चालतात. एक प्रत त्या माणसाकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे, आणि एक स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. असे अधिकारी नेमले जावेत म्हणून मुंबईतलेच डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले होते. आपल्या वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य विभागात चौकशी करा.

लोकांना धास्ती वाटते की असा कागद केला तर डॉक्टर लवकर हात झटकतील. तसं होत नाही. बरं होण्यासारख्या आजारात हा कागद कपाटातून बाहेर येतच नाही. बरं होण्याची आशा उरली नसेल तेव्हाही आधी उपचार करणाऱ्या रुग्णालयाचं वैद्यकीय मंडळ आणि मग दुसरं मंडळ रुग्णाला तपासतं, आणि मगच यंत्रं काढायची की नाही हे ठरतं. मत बदललं तर कागद केव्हाही रद्द करता येतो.

कागद नसेल आणि आई आयसीयूत असेल, तर? "डॉक्टर, सगळं करा" हे मुलांचं प्रेम असतं, थोडी "लोक काय म्हणतील" ही भीतीही असते. तिथल्या डॉक्टरांना हे विचारा: यातून आई बाहेर येण्याची शक्यता किती? आली तर ती आम्हाला ओळखेल का, स्वतः जेवेल का? व्हेंटिलेटर लावून तीन दिवस बघू आणि सुधारणा नसेल तर पुन्हा बसून बोलू, असं ठरवता येईल का? पंच्याऐंशीच्या, हाडांचा भुगा झालेल्या माणसाचं हृदय थांबल्यावर छाती दाबताना फासळ्या मोडतात, हे आधी माहीत असलेलं बरं.

आता वेदनेबद्दल, कारण मरणापेक्षा लोक तिलाच जास्त घाबरतात. मॉर्फिन म्हणजे अफू, सवय लागेल, श्वास थांबेल, ते दिलं म्हणजे संपलं, अशा समजुती मी रोज ऐकतो. कॅन्सरच्या वेदनेवर डॉक्टरांनी बेताबेताने वाढवत नेलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. मॉर्फिनच्या साध्या गोळ्या दर चार तासांनी, घड्याळ बघून घ्याव्या लागतात, दुखायची वाट बघायची नसते. बद्धकोष्ठ हमखास होतं, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून सुरू करायचं. मॉर्फिन मिळवणं सोपं व्हावं म्हणून अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये बदलही झाला. टाटामध्ये पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचा विभाग आहे, वांद्र्याला १९८६पासून शांती अवेदना सदन आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. तिथे जाणं म्हणजे लढाई सोडणं असं समजू नका. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांबरोबर ज्यांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली, त्यांचं नैराश्य कमी होतं, शेवटी धावपळीचे उपचार कमी झाले, आणि ते सरासरीने जास्तही जगले. इतरांच्या ८.९ महिन्यांच्या तुलनेत ११.६ महिने.

हे सगळं घरात बोलायचं कधी? सणावाराला हा विषय कुणाला रुचणार नाही, आणि रुग्णालयाच्या कॉरिडॉरमध्ये फार उशीर झालेला असतो. मला पितृपंधरवडा योग्य वाटतो. गेलेल्यांची नावं त्या दिवसांत घरात घेतलीच जातात. पान वाढलेलं असतं, आजोबांना अळूवडी किती आवडायची हे निघतं, मग त्यांचं शेवटचं दुखणंही निघतं. तेव्हा आईला विचारा: "आजोबांना शेवटी दवाखान्यात ठेवलं ते तुला पटलं होतं का? तुझ्या वेळी आम्ही काय करावं असं तुला वाटतं?" आई आधी "काहीतरीच काय बोलतोस" म्हणेल. दहा मिनिटं थांबा, मध्ये बोलू नका. ती जे सांगेल ते त्याच दिवशी कागदावर उतरवून खाली तिची सही घ्या. नोटरी नंतर करता येईल. त्याच कागदावर डोळे दान करायचेत का हेही विचारून ठेवा. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात, आणि त्या वेळी घरात कुणाला सुचत नाही. आणि आईचा मृत्यू घरीच व्हावा असं तिने सांगितलं असेल, तर तिला नियमित तपासणारा एक डॉक्टर हवा, कारण घरी झालेल्या मृत्यूच्या कारणाचा दाखला, नमुना ४ अ, तोच देऊ शकतो. त्याशिवाय रात्री-बेरात्री स्मशानात अडवतात.