भेंडीबाजारची भुयारी रेल्वे : खर्चाचा हिशोब आणि स्थानकाची जागा

मुंबईत २००२ साली जे. जे. उड्डाणपूल सुरू झाला. मोहम्मद अली रोडच्या डोक्यावरून मोटारी धावू लागल्या आणि खालची कोंडी काहीशी कमी झाली. परंतु पुलावरून जाणारा माणूस बाजारात उतरत नाही, ही गोष्ट तेथील दुकानदाराला वेगळी सांगावी लागत नाही. वाहतुकीची सोय आणि बाजाराची सोय या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. गिऱ्हाईक जिथे उतरते, तिथे धंदा होतो.

आता याच भागाखालून भुयारी रेल्वे नेण्याचे ठरले आहे. आणिक आगार ते गेटवे ऑफ इंडिया या मेट्रो मार्ग ११ ला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. लांबी १७.५१ कि.मी., स्थानके १४, त्यांपैकी १३ भुयारी, आणि अंदाजित खर्च सुमारे २३,४८७ कोटी रुपये. नागपाडा व भेंडीबाजार हे भाग या मार्गावर येतात. म्हणून आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी असा प्रकल्प कसा आखला जातो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

दर किलोमीटरचा भाव

कोट्यवधींचे आकडे ऐकून डोळे दिपतात. व्यापाऱ्याने त्याचा दर काढावा. वरील खर्चाला लांबीने भागले तर एका किलोमीटरला सुमारे १,३४१ कोटी रुपये पडतात. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्याला २०१४ साली मंजुरी मिळाली तेव्हा ३८.२ कि.मी.साठी ८,६८० कोटी रुपये धरले होते, म्हणजे किलोमीटरला सुमारे २२७ कोटी. दोन्ही आकड्यांमध्ये अकरा वर्षांची महागाई आहे हे खरे, पण मुख्य फरक खांब आणि भुयार यांचा आहे. नागपूरची गाडी बहुतेक खांबांवरून जाते. दाट वस्तीत खांबांना जागा नसते, म्हणून जमिनीखाली जावे लागते आणि खर्च अनेक पटींनी चढतो.

भुयारी मार्गातही सर्वांत महाग भाग स्थानकाचा असतो. बोगदा यंत्राने पुढे सरकत जातो. स्थानकासाठी मात्र गाडीच्या लांबीपेक्षा मोठी, अनेक मजले खोल पेटी खणावी लागते. पाणी, गटार, वीज व टेलिफोनच्या वाहिन्या हलवाव्या लागतात. हवा खेळती ठेवण्याची व आगीपासून बचावाची यंत्रणा, सरकते जिने, उद्‌वाहने हे सारे त्यातच येते. म्हणून "आमच्या नाक्यावरही एक स्थानक द्या" ही मागणी काही शेकडो कोटींची असते.

अंदाज आणि प्रत्यक्ष

कुलाबा-वांद्रे-सीप्झ हा मेट्रो मार्ग ३ आपल्या डोळ्यांसमोर झाला. लांबी ३३.५ कि.मी., स्थानके २७. मूळ अंदाज २३,१३६ कोटींचा होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये शेवटचा टप्पा सुरू झाला तोवर तो ३७,२७० कोटींच्या वर गेला, म्हणजे सुमारे ६१ टक्के वाढ. आगाराच्या जागेवरून आरे की कांजूरमार्ग हा वाद २०१९ ते २०२२ चालला. काम लांबले की भाव वाढतात आणि कर्जाचा भारही वाढतो. मूळ आराखड्यात जपानी संस्थेचे १३,२३५ कोटींचे कर्ज होते. शिवाय एप्रिल २०२२ पासून मुंबईत मालमत्तेच्या खरेदीवर मेट्रोसाठी १ टक्का अधिभार द्यावा लागतो. जो कधी मेट्रोत बसणार नाही तोही दुकान घेताना तिचा खर्च उचलतो. तेव्हा हिशोब विचारण्याचा हक्क सर्वांना आहे.

स्थानक कुठे आणि का?

मार्ग ११ वर दोन स्थानकांमधील सरासरी अंतर सुमारे १.३५ कि.मी. येते. अंतर कमी केले तर खर्च वाढतो आणि प्रत्येक थांब्याला वेगाचा तोटा होतो. अंतर वाढवले तर मधल्या वस्तीला गाडी दिसते, पण चढता येत नाही. माणूस साधारण दहा मिनिटे, म्हणजे सात-आठशे मीटर, आनंदाने चालतो. हातात कापडाचा गठ्ठा किंवा भांड्यांची पिशवी असेल तर तेवढेही नाही.

जागा ठरविताना अभियंता मोकळा भूखंड, रस्त्याची रुंदी, जुन्या इमारतींचे पाये आणि पुलाचे खांब पाहतो. काळबादेवी व गिरगाव येथे रस्ते अरुंद असल्याने काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. स्थानकाचा काही भाग वरून उघडा न खणता आतून पोखरून केला गेला. या पद्धतीत रस्ता कमी अडतो, पण काम अधिक जिकिरीचे होते.

बंधूंनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नकाशावर स्थानकाचे नाव कोठे लिहिले आहे, याला फार महत्त्व नाही. प्रवासी जिन्याने वर येतो. जिना आपल्या गल्लीच्या तोंडाशी आहे की रहदारीच्या रस्त्यापलीकडे, यावर गिऱ्हाईक ठरते. स्थानक हलविणे कठीण असते, पण जिन्याची जागा आराखड्याच्या अवस्थेत बदलता येते. सूचना द्यायची ती याच वेळी द्यावी.

दुकानदाराचा हिशोब

समजा, एका दुकानाची रोजची विक्री १०,००० रुपये आहे आणि नफा २० टक्के. समोर पत्रे ठोकले गेले व विक्री ३,००० ने घटली, तर रोज ६०० रुपये नफा बुडाला. महिन्याचे २५ दिवस धरले तर १५,००० रुपये, आणि तीन वर्षांत ५,४०,००० रुपये. गाडी सुरू झाल्यावर विक्री पहिल्यापेक्षा ४,००० ने वाढली तर महिना २०,००० जादा मिळतील. बुडालेली रक्कम भरून निघायला २७ महिने लागतील. म्हणजे पाच वर्षे तग धरणारालाच फायदा. त्यातही भाड्याचे दुकान असेल तर मालक भाडे वाढवील आणि फायदा त्याच्या खिशात जाईल. केवळ स्थानकाच्या बातमीवर कर्ज काढून किंवा चढ्या पागडीने गाळा घेणाऱ्याने हा हिशोब आधी मांडावा.

आज काय करावे?

१) गुमास्ता परवाना, भाडेपावत्या, वीजबिले, कराच्या पावत्या व विक्रीच्या वह्या वर्षवार लावून ठेवाव्यात. नुकसानभरपाई तोंडी सांगण्यावर मिळत नाही.

२) पोटमाळ्यावर जरी काम करणाऱ्या, वा गल्लीत पत्रा ठोकणाऱ्या कारागिरानेही तेथे काम करीत असल्याचा पुरावा जमवावा. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाधित कुटुंबांच्या व्याख्येत भाडेकरू आणि भूसंपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात काम करणारे कारागीरही आहेत. मात्र जागा कोणत्या कायद्याखाली घेतली जात आहे, हे नोटिशीत नीट वाचावे व वकिलाला दाखवावे.

३) काम सुरू होण्यापूर्वी इमारतीच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढावेत. तडा जुना की नवा, हा वाद त्यानेच मिटतो.

४) मालक, भाडेकरू व पोटभाडेकरू यांनी आपसातील हक्क आताच लिहून घ्यावेत. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणे-घेणे साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवण्याची ताकीद आहे. मोहल्ल्यातील संकोचापोटी आपण तीच टाळतो आणि मोबदल्याच्या वेळी भाऊ भावासमोर उभा राहतो.

५) एकेकट्याने अर्ज करण्याऐवजी बाजाराच्या संघटनेने एकत्र निवेदन द्यावे. त्यात जिन्याची जागा, माल उतरविण्याची वेळ, पत्र्यांमधून ये-जा करण्याची वाट आणि रमजानच्या दिवसांतील कामाचे वेळापत्रक, एवढे चार मुद्दे स्पष्ट मांडावेत.

विरोधाला विरोध नको आणि आंधळे स्वागतही नको. येत्या जुम्याला नमाजानंतर चारजणांनी मिळून आपल्या दुकानापासून सात-आठशे मीटर चालून पाहावे. वाटेतील रुंद रस्ते, मोकळ्या जागा व मोडकळीस आलेल्या इमारती कागदावर उतरवाव्यात. आराखडा हाती येईल तेव्हा तो कागद शेजारी ठेवून वाचता येईल.