वोलेमी पाइन : लपवून जपलेला, वाटून वाढवलेला वृक्ष

चाळीस मीटरपर्यंत उंच वाढणारा वृक्ष सिडनीसारख्या महानगरापासून फार दूर नसताना विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत शास्त्राला अज्ञात राहावा, हे नवलच म्हटले पाहिजे. सप्टेंबर १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या राष्ट्रीय उद्यान सेवेतील डेव्हिड नोबल हे वोलेमी राष्ट्रीय उद्यानातील एका अरुंद, खोल घळीत दोराच्या साहाय्याने उतरले. तेथील अनोळखी झाडांची एक डहाळी त्यांनी सोबत आणली. पुढील वर्षी त्या वृक्षाचे ‘वोलेमिया नोबिलिस’ असे नामकरण झाले. पहिले पद उद्यानावरून, दुसरे नोबल यांच्यावरून.

लोक त्याला पाइन म्हणतात, परंतु तो खरा पाइन नव्हे. आपल्याकडील रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत विकला जाणारा अरोकेरिया ज्या कुळातला, त्याच कुळातला हा शंकुधारी वृक्ष आहे. त्याच्या परागकणांशी जुळणारे जीवाश्म सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. आज निसर्गात त्याची शंभराहूनही कमी प्रौढ झाडे उरली आहेत.

त्याची वाढ समजून घेण्याजोगी आहे. झाडाच्या बुंध्यातून नवे कोंब सतत फुटत राहतात, म्हणून एकाच मुळावर निरनिराळ्या वयांची अनेक खोडे उभी दिसतात. एक खोड कोसळले तरी झाड मरत नाही. त्यामुळे खोडाच्या वर्तुळांवरून झाडाचे खरे वय सांगता येत नाही. पाने एकेक करून गळत नाहीत. फांदीच्या टोकाला शंकू येतो, तिची वाढ तेथे संपते आणि पुढे ती आख्खी फांदीच गळून पडते. नर व मादी शंकू एकाच झाडावर येतात. मादी शंकू शेंड्याकडे, नर त्यांच्या खाली. थंडीत वाढत्या कोंबांवर पांढऱ्या राळेचे टोपडे चढते.

रोप करताना खरी गंमत कळते. शेंड्याच्या सरळ वाढणाऱ्या कोंबाचे फाटेकलम लावले, तर सरळ झाड होते. आडव्या फांदीचे लावले, तर तेही मूळ धरते, पण रोप आडवेच पसरत राहते. आपण फांदी नाही, स्वतंत्र झाड आहोत, हे त्याला जणू ठाऊकच नसते! अरोकेरियातही हेच घडते, म्हणून फाटेकलम घेताना फांदीची निवड हीच निम्मी विद्या होय, असे मला वाटते. बियांपासूनही रोपे होतात. मात्र मूळ राईतले बी गोळा करण्यासाठी शंकू हेलिकॉप्टरमधून काढावे लागले. रोपाला किंचित आम्ल व पाण्याचा उत्तम निचरा होणारी माती आणि कोवळ्या वयात गाळीव ऊन हवे. उणे पाच ते पंचेचाळीस अंश सेल्सिअस तापमान ते सोसते. मुळाशी साचलेले पाणी मात्र सोसत नाही.

या नाजूकपणामागे एक कारण आहे. या झाडांमध्ये आनुवंशिक भिन्नता अतिशय कमी आढळते. एकाला ग्रासणारा रोग सगळ्यांनाच ग्रासू शकतो. ‘फायटोफ्थोरा’ हा मुळे कुजवणारा जंतू ओल्या मातीतून, म्हणजे भेट देणाऱ्याच्या बुटाला चिकटलेल्या चिखलातूनही पोहोचतो. २००५ मध्ये तो मूळ राईत आढळलाच. म्हणून राईचे ठिकाण गुप्त ठेवले आहे. मात्र केवळ लपवून भागत नाही. एखाद्या घळीवर संकट आले तर सगळेच संपेल. तेव्हा रोपे मोठ्या प्रमाणावर तयार करण्यात आली, २००५ मध्ये सिडनीत पहिल्या रोपांचा लिलाव झाला आणि पुढील वर्षापासून ती सर्वसामान्यांना मिळू लागली. विक्रीतील काही वाटा संवर्धनाला जातो. दुर्मीळ वस्तू बाजारात आणणे अनेकांना खटकते. येथे मात्र रोप सहज विकत मिळाल्यामुळे चोरट्याला घळीत उतरण्याचे कारणच उरले नाही.

२०१९च्या अखेरीस वणवा या घळीच्या दिशेने सरकला. विमानांतून अग्निरोधक द्रव्य टाकण्यात आले, हेलिकॉप्टरमधून जवानांना खाली उतरवून जमीन ओली ठेवणारी सिंचनव्यवस्था बसवण्यात आली. काही झाडे होरपळली, पण राई वाचली. ही मोहीम यशस्वी झाल्याचे जाहीर झाले ते जानेवारी २०२० मध्ये. ठिकाण मात्र तेव्हाही सांगितले गेले नाही.