फेफरें कोठें उगम पावतें?

विद्यार्थिमित्रहो, धाराशिव, तुळजापूर अथवा कळंब येथील बाजारांत चालतां चालतां एखादा मनुष्य एकाएकीं कोसळतो. त्याचें अंग ताठ होतें, हातपाय झटके देऊं लागतात, तोंडास फेंस येतो. भोंवतीं गर्दी जमते. कोणी कांदा हुंगवितो, कोणी वहाण नाकाशीं धरितो, कोणी ही बाहेरची बाधा म्हणून सांगतो. दोन-तीन मिनिटांनीं तो मनुष्य शुद्धीवर येऊं लागतो, आणि श्रेय मात्र कांद्यास मिळतें! वास्तविक झटका आपला आपणच ओसरलेला असतो. या विकारास आपण फेफरें, मिरगी अथवा फिट म्हणतों. आयुर्वेदांत यास अपस्मार असें नांव आहे.

याचा उगम कोठें? हिपोक्रातीस या ग्रीक वैद्याच्या नांवानें चालत आलेल्या सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वींच्या एका ग्रंथांत, हा रोग दैवी नसून त्याचें मूळ मेंदूंत आहे, असें स्पष्ट सांगितलें आहे. १८७३ सालीं जॅक्सन या इंग्रज डॉक्टरांनीं, मेंदूच्या करड्या भागांतील पेशींतून अकस्मात् व अतिरिक्त शक्ति बाहेर पडणें म्हणजेच फेफरें, असें प्रतिपादन केलें. पुढें १९२९ सालीं जर्मनींतील बर्गर यांनीं मनुष्याच्या मेंदूंतील सूक्ष्म विद्युत्-लहरींचा आलेख प्रसिद्ध केला, आणि ही गोष्ट डोळ्यांनीं पाहतां येऊं लागली.

कांहीं रोग्यांत झटका मेंदूच्या एका भागापासून निघतो. प्रथम एकच हात फडफडतो. परंतु दुसऱ्या प्रकारांत, ज्यास आपण सर्वव्यापी अपस्मार म्हणूं, आलेखावर मेंदूच्या दोन्ही बाजू एकदमच खवळलेल्या दिसतात. मग आरंभ कोठें झाला? कॅनडांतील पेनफील्ड व जॅस्पर यांचें मत असें होतें कीं, मेंदूच्या गाभ्यांत, थॅलॅमस नांवाच्या भागाजवळ, त्याचें केंद्र असावें. परंतु २००२ सालीं नेदरलंड्समधील संशोधकांनीं अशा विकाराच्या उंदरांवर प्रयोग केले, तेव्हां पहिली लहर मेंदूच्या बाहेरच्या करड्या थरांतील एका ठिकाणीं उठलेली आढळली. मग तो थर व थॅलॅमस हे एकमेकांस प्रतिसाद देऊन ती लहर टिकवितात.

संत गोरोबाकाकांच्या तेर गांवीं भजन चाललें आहे, अशी कल्पना करा. पहिला टाळ कोणी एकजण वाजवितो. परंतु बाकीचे त्यास इतक्या त्वरेनें साथ देतात कीं, रस्त्यावरून जाणाऱ्यास सर्व टाळ एकदमच वाजले, असें वाटतें. सर्वव्यापी अपस्माराचेंहि तसेंच आहे. झटका मेंदूंतील कोणत्या तरी एका ठिकाणीं सुरू होऊन, दोन्ही बाजूंस पसरलेल्या पेशीजालांस क्षणार्धांत व्यापितो, अशीच त्याची व्याख्या जागतिक अपस्मार संघाच्या समितीनें २०१० सालीं केली. सर्वव्यापी म्हणजे सर्वत्र एकदम उगवलेला नव्हे!

या विकाराचें एक रूप फारच शांत असतें. मूल वाचतां वाचतां दहा-पंधरा सेकंद टक लावून थांबतें, हांक ऐकत नाहीं, आणि मग जणूं कांहीं घडलेंच नाहीं असें पुढें वाचूं लागतें. आम्ही शिक्षक त्यास बेसावध म्हणून रागें भरतों. परंतु तें मूल त्या क्षणीं खरोखर शुद्धींत नसतें. १९३५ सालीं बोस्टन येथील डॉक्टरांनीं अशा झटक्यांत सेकंदास तीन या गतीनें उठणाऱ्या लहरी दाखवून दिल्या. अशा मुलास छडी नको, डॉक्टर हवा.

मोठा झटका आला असतां रोग्यास कुशीवर वळवावें, डोक्याखालीं मऊ कापड द्यावें, गळ्याभोंवतींचे कपडे सैल करावे. तोंडांत चमचा, पाणी, कांहींहि घालूं नये. हातपाय दाबून धरूं नयेत. झटका पांच मिनिटांहून अधिक चालल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें.

पालकांस आमची विनंति आहे कीं, हा विकार लपवूं नये. नियमित औषधानें सुमारें ७० टक्के रोग्यांचे झटके थांबूं शकतात. मात्र औषध आपल्या मनानें बंद करूं नये. मुलीच्या लग्नाची चिंता पुष्कळांस गप्प बसविते. पण हिंदु विवाह कायद्यांतील अपस्मारासंबंधीची आडकाठी १९९९ सालींच काढून टाकण्यांत आली. कायद्यानें जी अट सोडली, ती आपण मनांत कां धरावी? आणि मित्रहो, झटका ओसरून तुमचा सोबती डोळे उघडील, तेव्हां त्यास प्रथम हंसणारी गर्दी दिसावी कीं तुमचा हात, हें तुमच्याच स्वाधीन आहे.