ट्रॅक्टर व ट्रॉली यांचा सांधा : हूक, खीळ आणि दिव्यांच्या तारा

उंसाचा गळीत हंगाम जवळ आला म्हणजे ट्रॅक्टरवाले शेतकरी आपापलीं यंत्रें दुरुस्तीस काढतात. इंजिनाचें तेल बदलतात, टायर पाहतात, ट्रॉलीला रंगहि देतात. परंतु ट्रॅक्टर व ट्रॉली ज्या एका ठिकाणीं जोडलीं जातात, त्या सांध्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. हूक आला तो तसाच, खीळ हातास लागली ती, आणि मागील दिव्याची तार तर गेल्या हंगामांतच तुटलेली, अशी स्थिति पुष्कळ ठिकाणीं दिसते. वस्तुतः सगळा ऊंस याच सांध्यावर ओढला जातो, आणि रात्रीं मागून येणाऱ्या वाटसरूचा जीव याच सांध्यावरून जाणाऱ्या तारांवर अवलंबून असतो. म्हणून सांध्याचें लोखंड व सांध्याची वीज या दोहोंची निवड कशी करावी, हें या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हुकाची उंची

बैलगाडी हांकणाऱ्यास ओझें कसें लावावें हें शिकवावें लागत नाहीं. ओझें मागें गेलें कीं गाडी उलाळ होते व जूं वर उचललें जातें. फार पुढें आलें कीं बैलांच्या मानेवर भार पडतो. बैल अडून ही चूक धन्याला दाखवितात. ट्रॅक्टर दाखवीत नाहीं. तो जोर लावीत राहतो, आणि त्याचीं पुढचीं चाकें हळूहळू हलकीं होत जातात. तीं किती हलकीं होतात, हें साध्या हिशोबानें कळतें.

समजा, ट्रॅक्टरचें वजन २००० किलो असून त्यांपैकीं ८०० किलो पुढच्या चाकांवर आहे. दोन्ही आंसांमध्यें २ मीटर अंतर असून हूक मागच्या आंसाच्या ६० सेंटिमीटर मागें आहे. ट्रॉली दोन चाकी असून तिच्या दांड्याचा ५०० किलो भार हुकावर येतो. तेवढ्यानेंच पुढच्या चाकांवरील ५०० × ०.६ ÷ २, म्हणजे १५० किलो वजन कमी झालें. आतां एकूण ८ टनांची ही ट्रॉली दहास एक अशा चढावर ओढावयाची, तर चढाकरितां सुमारें ८०० किलो व चाकांच्या रोधाकरितां सुमारें २०० किलो, मिळून १००० किलोंची ओढ लागेल. हूक जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच असेल, तर या ओढीमुळें १००० × ०.५ ÷ २, म्हणजे आणखी २५० किलो वजन पुढून उचललें जातें. शिल्लक राहिले ४०० किलो. ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाचा निदान पांचवा भाग पुढच्या चाकांवर असावा, असा नियम आहे. ४०० किलो हा बरोबर पांचवा भाग होय.

तोच हूक ८० सेंटिमीटर उंचीवर लावल्यास ओढीनें ४०० किलो उचलले जातात, आणि पुढें अवघे २५० किलो उरतात. मग सुकाणूं फिरविलें तरी चाकें वळत नाहींत, आणि क्लच एकदम सोडल्यास ट्रॅक्टर पुढून उठून मागें उलटूं शकतो. शिवाय चढावर ट्रॅक्टरचें स्वतःचें वजनहि मागें झुकतें. तें या हिशोबांत धरलेलेंच नाहीं.

यावरून निष्कर्ष असा कीं, हूक खालीं असावा. ट्रॉलीचा दांडा उंच असेल तर दांडा बदलून घ्यावा. त्याच्यासाठीं हूक वर चढवूं नये. वरच्या टॉप-लिंकच्या जागीं सांखळी किंवा ट्रॉली कधींहि अडकवूं नये. दोन खालच्या हातांमध्यें बसविण्याची भोकांची पट्टी शेतांतील हलक्या औजारांसाठीं असते. रस्त्यावरील वाहतुकीस ती घेऊं नये, कारण ते हात वर उचलले गेल्यास ओढीची जागाहि वर जाते. चार चाकी ट्रॉलीचा भार हुकावर फारसा येत नाहीं, परंतु ओढीचा हिशोब तिलाहि तसाच लागूं आहे. चढाचा रस्ता असेल तर पुढें वजनाच्या पट्ट्या लावाव्या. तरीहि पुरत नसेल तर माल कमी भरावा.

खीळ व कडें

हूक दुबेळक्यासारखा, म्हणजे वर एक व खालीं एक अशा दोन जाड पट्ट्यांचा असावा. मधोमध ट्रॉलीचें कडें बसून खीळ तिन्हींतून आरपार गेली म्हणजे तिला दोन्ही बाजूंनीं आधार मिळतो. एकाच पट्टीच्या हुकांत खीळ वांकते. खीळ चिवट पोलादाची, याच कामासाठीं केलेली घ्यावी. बांधकामाची सळई किंवा जुना बोल्ट तिच्या जागीं घालूं नये. झीज डोळ्यांना थोडी दिसली तरी तिचा परिणाम मोठा असतो. ३० मिलिमीटर जाडीची खीळ झिजून २५ मिलिमीटरवर आली, तर तिचा छेद मूळच्या सुमारें सात दशांशच उरतो. शिवाय कड्यांत ढिलाई आली म्हणजे प्रत्येक गचक्यास घणाचा घाव बसतो.

बैलगाडीचें चाक निसटूं नये म्हणून आंसाला कुणी घालतात, तशी खिळीच्या खालच्या टोकासहि अडकण असलीच पाहिजे; दोरी किंवा चिंधी चालणार नाहीं. त्याखेरीज एक मजबूत सांखळी ट्रॉलीच्या दांड्यापासून ट्रॅक्टरच्या सांगाड्यापर्यंत बांधावी. ती वळणावर ताणली जाऊं नये आणि जमिनीसहि घासूं नये. दोन ट्रॉल्या जोडणारानीं पहिल्या ट्रॉलीच्या मागील हुकाचीहि अशीच परीक्षा करावी. रस्त्यावर निघतांना ट्रॅक्टरच्या ब्रेकचे दोन्ही पायटे कडीनें एकत्र जोडावे. एकाच चाकाला ब्रेक लागल्यास मागचा भार ट्रॅक्टरला आडवा ढकलतो.

दिव्यांच्या तारा

रात्रीं ताशीं ६० किलोमीटर वेगानें येणारा मोटारसायकलस्वार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर तोडतो. समोर कांहीं आहे हें ओळखून ब्रेक दाबण्यास दीड सेकंद धरला तर २५ मीटर गेले. पुढें कोरड्या डांबरी रस्त्यावरहि थांबण्यास आणखी २० ते २५ मीटर लागतात. म्हणजे ट्रॉली ५० मीटरांवरून दिसली तरच तो वांचतो. धुळीनें माखलेली, दिवा नसलेली उंसाची ट्रॉली तेवढ्या दूरून दिसेलच असें नाहीं, आणि समोरून दुसऱ्या गाडीचा झोत येत असेल तर मुळींच दिसत नाहीं. मागील दिवे व तांबडे परावर्तक १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखालील १९८९ च्या केंद्रीय नियमांनीं बंधनकारक आहेतच. पण कायदा बाजूला ठेवला तरी, तो स्वार बहुधा आपल्याच पंचक्रोशींतला असतो, हें विसरतां कामा नये.

पुष्कळ ट्रॅक्टरांच्या मागें सात खुंट्यांचें सॉकेट असतें. नसल्यास तें बसवून घ्यावें. तारा पिळून वर पट्टी गुंडाळण्याची चाल सोडून द्यावी. बारा व्होल्टच्या या सॉकेटाची आंतरराष्ट्रीय मांडणी अशी आहे : १ डावा इंडिकेटर, पिवळी तार, २ मागील धुक्याचा दिवा, निळी, ३ अर्थ, पांढरी, ४ उजवा इंडिकेटर, हिरवी, ५ उजवा मागील दिवा, तपकिरी, ६ ब्रेकचे दिवे, तांबडी, ७ डावा मागील दिवा, काळी. तारांचे रंग कोठें कोठें वेगळे आढळतात. म्हणून रंगावर विसंबून न राहतां लहान बल्बनें प्रत्येक खुंटी तपासून मगच जोडावी.

तार किती जाड घ्यावी, हाहि हिशोबाचा प्रश्न आहे. ब्रेकचे २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर वीज घेतात. बॅटरीपासून दिव्यापर्यंत १२ मीटर धरल्यास जाऊन येऊन २४ मीटर तार झाली. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक तांब्याच्या तारेंत अडीच ते तीन व्होल्ट वाटेंतच खर्च होतात, आणि दिवा केवळ लालसर धुगधुगतो. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेंत सुमारें एकच व्होल्ट जातो. अर्थच्या तारेंतून मात्र सर्व दिव्यांची वीज एकत्र परततें, म्हणून ती अडीच चौरस मिलिमीटरची असावी. हूक व खीळ यांचें लोखंडच अर्थ म्हणून वापरणें चुकीचें आहे. गंज व ग्रीस यांमुळें वीज मधूनच तुटते आणि दिवे लुकलुकतात. एलईडीचे दिवे वीज थोडी घेतात व गचक्यांनीं लवकर जात नाहींत, म्हणून ते श्रेयस्कर. मात्र इंडिकेटर फार जलद लुकलुकूं लागल्यास त्याचा फ्लॅशर त्यांजोगा बदलावा.

दिवे ट्रॉलीच्या मागील आडव्या पट्टीवर, दोन्ही कडांजवळ असावे. बाहेर आलेलीं वाढीं त्यांवर लोंबल्यास दिवा असून नसल्यासारखा. म्हणून भरणी झाल्यावर मागें जाऊन पाहावें. दोन ट्रॉल्या असतील तर सातहि तारा शेवटच्या ट्रॉलीपर्यंत न्याव्या, कारण मागून येणाऱ्यास तीच दिसते. तांबडी परावर्तक पट्टी अवश्य लावावी. तिला वीज लागत नाहीं, पण ती आठवड्यांतून एकदां पुसावी लागते.

हंगामापूर्वींची तपासणी

दोन माणसांनीं हें काम करावें. एकानें बसून दिवे, इंडिकेटर व ब्रेक क्रमानें लावावे; दुसऱ्यानें मागें ५० पावलांवर उभें राहून कोणता लागला हें ओरडून सांगावें. मग खीळ काढून तिची जाडी मोजावी, कड्याच्या जोडाला चीर आहे काय तें पाहावें, आणि हुकाची उंची टेपनें मोजून वर दिलेला हिशोब आपल्या ट्रॅक्टरच्या आंकड्यांनीं पुन्हा करावा. खीळ, सांखळी, तार व दिवे यांचा खर्च ट्रॉलीच्या एका नव्या टायरच्या मानानें थोडाच आहे. पहिली खेप भरण्यापूर्वीं प्रत्येक सभासदानें हें काम उरकून घ्यावें, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.