काचबिंदूची शस्त्रक्रिया : व्रणरोधक औषध आणि पाठपुरावा

काचबिंदूमुळे गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली राखणे एवढेच हाती असते. त्यामुळे या शस्त्रक्रियेचे यश मोतीबिंदूप्रमाणे पट्टी सोडताच दिसत नाही. हा फरक देणगीदार व हितचिंतकांपुढे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

ट्रॅबेक्युलेक्टॉमी ही शस्त्रक्रिया डॉ. जॉन केर्न्स यांनी १९६८ साली प्रसिद्ध केली. तीत डोळ्यातील द्रवाला बाहेर पडण्यासाठी नवी वाट करून देतात. द्रव वरच्या पापणीखालील पातळ आवरणाखाली साठून शोषला जातो व डोळ्यातील दाब उतरतो. इतरत्र जखम भरून येणे इष्ट असते. येथे मात्र व्रण धरून ही वाट बुजली, तर दाब पुन्हा वाढतो. तरुण रुग्ण, पूर्वी शस्त्रक्रिया झालेले वा वारंवार दाह होणारे डोळे यांत हा धोका अधिक असतो.

यावर मूळची कर्करोगावरील दोन औषधे उपयोगी ठरली : ५-फ्लुरोयुरॅसिल आणि मायटोमायसिन-सी. मायटोमायसिनचा काचबिंदूसाठी वापर तैवानमधून १९८३ साली नोंदवला गेला. औषधात भिजवलेला स्पंजचा तुकडा काही मिनिटे आवरणाखाली ठेवून नंतर जागा भरपूर पाण्याने धुतात. पेशींची वाढ मंदावते व वाट खुली राहण्याची शक्यता वाढते. मात्र आवरण फार पातळ होणे, द्रव झिरपणे, दाब अतिशय उतरणे आणि वर्षांनंतरही जंतुसंसर्ग होणे हे धोके आहेत. म्हणून मात्रा रुग्णागणिक नेत्रतज्ज्ञच ठरवतात.

आम्ही व्यवस्थापनातील माणसे. आमचा धडा हिशेबाचा आहे. आजवर आम्ही अहवालात केवळ शस्त्रक्रियांची संख्या देत आलो. परंतु व्रण धरण्याची प्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांत जोरात असते, आणि टाका सैल करणे वा इंजेक्शन देणे हे उपाय त्याच काळात करावे लागतात. नजर सुधारलेली न दिसल्याने रुग्ण गावी गेला की परत येत नाही. मग औषधावरील खर्च व शस्त्रक्रिया दोन्ही वाया जाण्याचा संभव असतो.

यापुढे फेरतपासणीस आलेल्यांची संख्याही अहवालात देण्याचा आमचा संकल्प आहे. दात्यांनी रुग्ण व सोबतच्या नातेवाइकाच्या एस. टी. भाड्यासाठीही साहाय्य करावे, ही विनंती. रुग्णांनीही ध्यानी ठेवावे : शस्त्रक्रिया झालेला डोळा लाल झाला, दुखू लागला, चिकटू लागला वा अंधुक दिसू लागले, तर कितीही वर्षे लोटलेली असोत, त्याच दिवशी रुग्णालयात यावे.